शेल्बीच्या हाताला बसेल असं

सायकामोर फोर्ड, मिसूरी
१२ मार्च

प्रिय ओपल विहीणबाई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी शेजारी कोण बसलंय ते मला दिसत नाही. म्हणून पत्र. तुमचं टपाल पोस्टातल्या पेटीत येतं आणि तिची किल्ली तुमच्याचकडे असते, एवढं मला ठाऊक आहे.

इकडे तसं बरं चाललंय. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या. ओढ्याकाठची झाडं गुलाबी व्हायला लागली, पण थंडी काही हटत नाही आणि माझा गुडघाही ऐकत नाही. तुम्ही हल्ली चर्चमध्ये डावीकडच्या बाकावर जाऊन बसता. तिकडे दाराचा वारा लागतो. बसायचंच असेल तर शाल आणत जा.

बातमी अशी की मी बंदूक घेतली. लहान, हातात धरायची.

ओढ्याच्या या अंगाला चोऱ्या फार वाढल्यात. कुणाचा जनरेटर गेला, कुणाच्या गोठ्यातली तांब्याची तार गेली. मी एकटी बाई, त्यात लेक घरी आलेली. म्हटलं, असावी घरात.

क्लाइड असते तर पोट धरून हसले असते. जन्मभर त्यांनी हरणं मारली आणि मी शिजवली, पण बंदुकीला कधी बोट लावलं नाही. ते गेले त्याच वर्षी त्यांच्या सगळ्या रायफली मी पुतण्याला देऊन टाकल्या. तेव्हा वाटलं, घरातली अडगळ गेली. आता या वयात पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

लीरॉयच्या दुकानात गेले. पुढे गळाची गांडुळं आणि मागे बंदुका, तेच ते. तो क्लाइडचा मासेमारीतला सोबती, मला अजून वहिनी म्हणतो.

"काय देऊ वहिनी?"

"बंदूक."

"कशाला?"

"लोणच्यात घालायला. अरे, घरात ठेवायला! रक्षणाला."

तो हसला नाही. काउंटर पुसायचा थांबला. मी म्हटलं, ती लांब शॉटगन दे, जिचा नुसता खटाखट आवाज ऐकून माणूस पळत सुटतो. चर्चमधल्या झाडून सगळ्या पुरुषांनी मला तीच सांगितली होती. गोळी झाडायचीसुद्धा गरज नाही म्हणे, अंधारात तो आवाज केला की चोर पार गावाबाहेर.

लीरॉय म्हणाला, "आवाजाने पळणारा कुत्रं भुंकलं तरी पळतो, वहिनी. त्याच्यासाठी कुत्रं पाळा. जो पळणार नाही, त्याचं काय करायचं ते बोला. आणि तुमच्या त्या बोळातून एवढी लांब नळी घेऊन वळलात तर पहिली क्लाइडने टांगलेली हरणाची शिंगं भिंतीवरून खाली येतील."

तिथे शेगडीपाशी एक म्हातारा कॉफी पीत बसला होता. तो म्हणाला, "बाईमाणसाला ती चिमुकली दे रे, गुलाबी मुठीची. पर्समध्ये मावते." लीरॉयने ती काढून माझ्या हातात ठेवली. साबणाच्या वडीएवढी हलकी. मला आवडली, खोटं कशाला बोलू. तर तो म्हणाला, "सगळे बायकांना हीच घेऊन देतात आणि फसतात. जितकी हलकी तितका धक्का जोराचा. एकदा उडवली की बाई पुन्हा तिला हात लावत नाही, मग ती ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि हवी तेव्हा भीती वाटते ती बंदुकीचीच."

मग चपटी पिस्तुलं दाखवली. त्यांचा वरचा भाग मागे खेचून सोडायचा असतो. मला जमलं, शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्याची पातेली उचलून हात घट्ट झालेत माझे. मी विचारलं, एखाद्याचं मनगट अधू असेल तर जमेल का?

लीरॉयने माझ्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं. "वहिनी, हात कुणाचा आहे?"

विहीणबाई, हात माझ्या शेल्बीचा आहे. डावा. थंडीत तो दारात सापडला असं तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलंत. तिनेही तेच सांगितलं. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, दार एकाच मनगटावर तीनदा बंद होत नाही.

झालं. चोरांचं मी उगीच लिहिलं. जनरेटर चोरीला गेला हे खरं आहे, पण मी बंदूक जनरेटरसाठी घेतलेली नाही हे तुम्हीही जाणता. मंगळवारी तुमचा गॅरेट आला होता. कोर्टाच्या मनाई हुकुमात लिहिलंय तितकं अंतर राखून, माझ्या फाटकाबाहेर रस्त्यावर गाडी चालू ठेवून बसून राहिला. हाक नाही, हॉर्न नाही. शेल्बी न्हाणीघरात जाऊन दार लावून बसली. मी शेरीफच्या कचेरीत फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, रस्ता सरकारी आहे.

शेवटी लीरॉयने रिव्हॉल्व्हर दिलं. मध्यम, जरा जड. जड असल्यामुळे धक्का कमी. काही मागे खेचायचं नाही, कुठला खटका सोडवायचा नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. उजव्या हाताने धरायचं, डावा नुसता खाली टेकवायचा, चाप ओढायचा. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, घाबरलेल्या माणसाला जमेल ना? विचार न करता जमेल ना? तो म्हणाला, कुणालाही जमेल. मी म्हटलं, मग हेच बांध.

आता मुद्द्याचं. तुमच्या मुलावर माझा जीव होता. बर्फाच्या वादळात कोंबड्यांचं खुराडं कोसळलं तेव्हा त्याने दोन दिवस खपून नवं बांधलं आणि मोबदल्यात फक्त माझ्या हातचा ॲपल पाय मागितला, अख्खा. लेकीला नवरा मिळाला तसा मला मुलगा मिळाला असं मी तेव्हा तुमच्याच ओसरीवर म्हटलं होतं. त्या मुलावर मला चाप ओढायचा नाही. पण तो माझ्या दारातून आत आला तर मी ओढीन. कोर्टाचा हुकूम असताना मी त्याला गाठून हे सांगू शकत नाही. तुम्ही सांगा. आई आहात, ऐकलं तर तुमचंच ऐकेल.

आधी सांगितलं नाही असं नंतर कुणी म्हणायला नको, म्हणून लिहिलं.

तुमची विहीण,
नेडीन


२२ एप्रिल

प्रिय ओपल विहीणबाई,

नमस्कार. ईस्टरचं कार्ड मिळालं. पुढे लिलीची फुलं, आत छापलेली शुभेच्छा आणि खाली तुमचं नाव. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. चला, पत्र पोचलं एवढं तरी कळलं.

तुमच्या दुखऱ्या कंबरेसाठी मोहरीचा लेप लावून बघा. माझ्या आईचा उपाय आहे, वास वाईट पण आराम पडतो.

गॅरेट त्यानंतर रस्त्यावर दिसलेला नाही. तुम्ही त्याला सांगितलंत की त्याचं त्याला सुचलं, मला माहीत नाही. तुम्ही सांगितलं असेल तर तुमचे उपकार. मी तसं धरून चालले आहे, कारण तुमच्याबद्दल वाईट विचार करून मी दमले.

रविवारी चर्चनंतर तुम्ही शेल्बीच्या खांद्यावर हात ठेवलात ते मी पाहिलं. काय बोललात ते तिने सांगितलं नाही. घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत होती.

मी तिला लीरॉयच्या बायकोकडे, ट्वायलाकडे शिकायला नेते आहे. त्यांच्या घरामागे खाणीचा जुना खड्डा आहे, तिथे मातीच्या दरडीसमोर ती बायकांना शिकवते. कानावर आवाज अडवणारी ती मोठी झाकणं, डोळ्यांना चष्मा, आणि ट्वायलाचा आवाज तर तुम्हाला माहीत आहे, झाकणातूनही आत येतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "नेडीन, बोट चापावरून काढ, मला अजून नातवंडं बघायची आहेत."

मी यथातथाच. पण शेल्बी! विहीणबाई, पोरीचा हात काय सांगू. आधी माणसाच्या आकाराचा कागद लावला होता, छातीवर गोल काढलेला. शेल्बीने तो बघितला आणि बंदूक खाली ठेवली. म्हणाली, याच्यावर नको. मग ट्वायलाने सहलीतल्या कागदी ताटल्या आणून दरडीवर टाचल्या. ताटलीवर शेल्बीचा एकही नेम चुकला नाही. अधू मनगट खाली टेकवून, जीभ दातांत धरून, लहानपणी चित्राच्या वहीत रंग भरायची तशी. मला अभिमान वाटला. मग अभिमान कशाचा वाटतोय ते लक्षात आलं.

पण ट्वायलाच्या शिकवणीत निम्मं काम गळ्याचं असतं. झाडायच्या आधी ओरडायचं. मोठ्याने, पोटातून. "माझ्या घरातून चालता हो! माझ्याजवळ बंदूक आहे!" कायद्यालाही ते बरं, आणि समोरचा शहाणा असेल तर तेवढ्यावर भागतं. मी ओरडले तर झाडावरचे कावळे उडाले.

शेल्बीची पाळी आली. ट्वायला म्हणाली, "हं पोरी, हाण आवाज."

शेल्बीने बंदूक उचलली, ताटलीकडे रोखली आणि हळूच म्हणाली, "सॉरी."

तिच्या तोंडून काय निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. ट्वायलाला वाटलं चुकून बोलली. "पुन्हा," म्हणाली. पुन्हा तेच. मी तिला म्हटलं, "अगं, सॉरी कसलं? तुझ्या घरात कुणीतरी घुसलंय!" तर माझ्याकडे वळून मलाच म्हणाली, "सॉरी, आई."

मग ट्वायलाने तिला मिठी मारली आणि आम्ही तिघी त्या खड्ड्यात कानावर झाकणं लावून उभ्या राहिलो. परत निघताना ट्वायलाने मला गाडीच्या पलीकडे नेऊन सांगितलं, "हिचा हात तयार आहे नेडीन, गळा तयार नाही. आवाज फुटेपर्यंत बंदूक तुझ्या ताब्यात ठेव. जिला हाकलता येत नाही तिच्यासमोर दोनच वाटा उरतात, एक तर मारायचं नाही तर मरायचं."

मी ऐकलं. पण घरी आल्यावर विचार केला की मी बाजारात गेले, कोंबड्यांकडे गेले आणि नेमका तेव्हाच तो आला तर? म्हणून रिव्हॉल्व्हरच्या कुलपाच्या डबीचे आकडे मी तिला सांगून ठेवले. डबी माझ्या पलंगाखाली असते. बटणं दाबायची की उघडते. रोज जेवण झालं की मी तिच्याकडून उघडून घेते, रिकामं रिव्हॉल्व्हर धरायला लावते आणि म्हणते, "ओरड." ती प्रयत्न करते. मी थांबत नाही. शाळेतल्या पोरांना भाज्या खायला लावल्या तशीच मी मागे लागले आहे.

हे सगळं तुम्हाला का लिहिते आहे? दुसऱ्या कुणाला लिहू? ज्या माणसाची भीती आहे त्याला जन्मापासून ओळखणारी तुम्ही एकच. तो चिडला की आधी काय करतो, दारातून येतो की मागून, शांत झाला की खरंच शांत होतो का, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. शेल्बी सांगत नाही. विचारलं की म्हणते, तो तसा नाहीये. मग न्हाणीघराचं दार लावते.

एकदा तरी उत्तर पाठवा. फुलांचं कार्ड नको.

तुमची,
नेडीन


रविवार, २५ मे

ओपल विहीणबाई,

नमस्कार. कंबर बरी असेल. मोहरीचं काय झालं ते तुम्ही कळवलंच नाहीत.

यंदा स्ट्रॉबेरी लवकर पिकली. खारींनी निम्मी खाल्ली, उरलेल्याचा मुरंबा केला. दोन बरण्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. नवे पाळकसाहेब लांबलचक बोलतात असं तुमचंही मत आहे का? आज तरी त्यांनी लांबवावं अशी मी प्रार्थना करते आहे, कारण तुम्ही आत आहात आणि मी बाहेर माझ्या गाडीत मांडीवर वही ठेवून हे लिहिते आहे. तुम्ही गाडीला कुलूप लावत नाही. लिहून झालं की हे तुमच्या सीटवर ठेवीन. पोस्टाने पाठवायला आता वेळ नाही.

शेल्बी घरी गेली. म्हणजे त्याच्या घरी. ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला आनंदही झाला असेल. तो दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसायला लागला होता, टोपी हातात, डोळे लाल. पाळकसाहेबांनी दोघांना समोर बसवून प्रार्थना केली. मग तिने कोर्टात जाऊन मनाई हुकुमाचा अर्ज मागे घेतला. तिला परत आणा म्हणून मी हे लिहीत नाहीये. ते मी तिच्याशी भांडून बघितलं.

भांडण कसलं, मीच बोलत होते. ती बॅग भरत होती. मी म्हटलं, "तो पुन्हा मनगट मोडेल." ती म्हणाली, "मोडेल कदाचित." इतक्या साधेपणाने, जणू संध्याकाळी पाऊस येईल कदाचित. मी म्हटलं, "मग जातेस कशाला?"

तेव्हा ती बसली. म्हणाली, "आई, तुझ्या घरी मी सारखी दाराकडे बघत बसते. झोपेतही. तिथे निदान तो कुठे आहे ते मला माहीत असतं. स्वयंपाकघरात आहे, गाडीपाशी आहे, समोर बसलाय. त्याची वाट बघण्यापेक्षा तो बरा."

मी तिची बॅग दारापर्यंत उचलून नेली.

ती गेली त्या दिवशी मी पलंगाखाली बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी केर काढताना डबी ओढली. तिचं वजन हाताला कळलं. उघडली. आत नुसता फडका होता.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "हो, मीच नेलं. तुझ्यासाठी नेलं."

"माझ्यासाठी?"

"तो कधीतरी तुझ्या दारात येईल आणि तू त्याला मारशील. रोज जेवणानंतर तू मला तेच शिकवत होतीस, आई. मला ओरडता येत नाही. मी तर न ओरडताच मारलं असतं, ताटलीसारखं. ते तुझ्याही हातून व्हायला नको आणि माझ्याही नको. म्हणून घरातून काढलं."

मी विचारलं, मग आता कुठे आहे ते?

विहीणबाई, तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला. अगदी गोड. "आईंना म्हणावं थँक यू. फार छान वस्तू निवडलीये." आणि शेल्बी मला म्हणाली, "गॅरेटने नीट ठेवलंय. फ्रीजवर, पावाच्या डब्यात. काळजी करू नकोस."

त्याच्या स्वतःच्या बंदुका कोर्टाने घराबाहेर काढायला लावल्या, त्या अजून त्याच्या काकाकडे पडून आहेत. त्या घरात एकही हत्यार नव्हतं. आता आहे. मीच नेऊन दिल्यासारखं. आणि मी कसं निवडलं होतं तेही तुम्हाला लिहून बसले आहे. काही खेचायला नको, काही सोडवायला नको, विचार करायला नको. कुणालाही जमेल असं. लीरॉयला मी घाबरलेल्या माणसाबद्दल विचारलं, रागावलेल्या माणसाबद्दल विचारायचं सुचलंच नाही. रागावलेल्याला तर घाबरलेल्यापेक्षा सोपं जाईल.

शेरीफच्या माणसाकडे गेले. मोठी बाई आपल्या मर्जीने आपल्या नवऱ्याच्या घरी गेली, आईची वस्तू बरोबर नेली, यात गुन्हा काय? तक्रार करायची असेल तर लेकीवर चोरीची करा, म्हणाला. मी तिकडे गेले तर गॅरेट मला अंगणातूनच परत पाठवतो, हसून, दार धरून. काल पाठवलं. शेल्बी त्याच्या मागे उभी होती. उन्हाळा लागला तरी लांब बाह्यांचा सदरा घातला होता. तिने मला हात केला, उजव्या हाताने.

म्हणून आता तुम्ही.

एके वर्षी आपण दोघी माझ्या पायरीवर शेंगा मोडत बसलो होतो. तेव्हा तुम्ही मला तुमच्या यजमानांचं, व्हर्जिलभाऊंचं सांगितलंत. ते पिऊन आले की तुम्ही त्यांच्या रायफलीतला तो लोखंडी दांडा, जो नसला की गोळी सुटत नाही, काढून घ्यायचात आणि दिवसभर एप्रनच्या खिशात ठेवून स्वयंपाक करायचात. चालताना मांडीला लागायचा, म्हणालात. आणि हसलात. मीही हसले. गॅरेट तेव्हा केवढा होता? त्या स्वयंपाकघरात कुठेतरी असणारच.

मी तुम्हाला बोल लावत नाही. मी एवढंच म्हणते की हे काम तुम्हाला येतं, आणि त्या घरात दार न ठोठावता जाणारं माणूस जगात एकच आहे. आई रविवारी जेवण घेऊन आली तर मुलगा तिला अंगणात थांबवत नाही. अजून तरी नाही.

तुमच्या सीटवर या पत्राशेजारी माझं निळं मोठं भांडं आहे, झाकणाचं. आत कोंबडीचा रस्सा आणि त्यात शिजवलेले कणकेचे गोळे आहेत. गरम आहे, टॉवेलात गुंडाळलंय, कपड्यांना लावून घेऊ नका. त्याला आवडतं. मी केलंय म्हणून सांगू नका, तुम्ही केलं म्हणा. चर्चमधून थेट तिकडे जा. घरी जाऊन कपडेसुद्धा बदलू नका, कारण घरी गेलात की तुम्ही खुर्चीत बसाल आणि मग विचार कराल.

त्यांना वाढा. पोटभर जेवू द्या. जेवल्यावर तो गाडी बघायला बाहेर जातो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. शेल्बीला काही विचारू नका, ती "सॉरी" म्हणेल आणि त्याला हाक मारेल. तिला कपडे वाळत घालायला पाठवा. भांडं घासा, कोरडं करा. फ्रीजवर तुमचा हात पोचणार नाही, खुर्ची घ्या, कंबर सांभाळा. चापाला बोट लावू नका. नळी कुणाकडे करू नका, स्वतःकडेही नको. फडक्यात गुंडाळून भांड्यात ठेवा, झाकण लावा, वर टॉवेल. मुलाची पापी घ्या आणि निघा. तो दारापर्यंत भांडं उचलून द्यायला आला तर म्हणा, मी अजून इतकी म्हातारी झाले नाही.

संध्याकाळी किंवा उद्या त्याच्या लक्षात येईल. तेव्हा त्याला कुणावर तरी राग काढायचा असेल. मी माझं दार उघडं ठेवून पायरीवर बसते आहे. त्याला सांगा, नेडीनने करायला लावलं. माझ्याकडे येऊ दे. माझ्याजवळ आता काहीच नाही, आणि मला ते बरं वाटतं आहे, ओपल. खरंच बरं वाटतं आहे.

आत शेवटचं गाणं सुरू झालं. तुमचा आवाज मला इथवर ऐकू येतो, तुम्ही नेहमी अर्धी मात्रा पुढे असता. बाहेर आलात की माझ्या गाडीकडे बघू नका.

इकडची रीत मी तुम्हाला शिकवायला नको. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. मी संध्याकाळपर्यंत भांड्याची वाट बघते.

अजून तरी तुमची विहीण,
नेडीन